कबचे चरण, बुलबुलचे पंख: लहान मुले स्काऊट चळवळीत पुढे कशी जातात

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की सोलापुरातल्या अनेक प्राथमिक शाळांमधून कब-बुलबुल पथकाच्या नोंदणीची चिठ्ठी घरी येते. पालक तिच्यावर सही करतात, गणवेश आणि स्कार्फ विकत घेतात, आणि मग दोन-तीन महिन्यांनी साधारण एकच प्रश्न शिक्षकांपुढे ठेवतात की, आमच्या मुलाला पुढचा बॅज कधी मिळणार. हा प्रश्न रास्त असला, तरी त्यामागे शाळेच्या इयत्तांचा हिशेब असतो: एक वर्ष संपले, परीक्षा झाली, की मूल आपोआप वरच्या वर्गात जाणार. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेची प्रगतीची योजना मात्र या हिशेबाने चालत नाही, आणि ती कशी चालते हे एकदा नीट समजून घेतले, तर घरातल्या मोठ्यांची बरीच घाई कमी होते.

या योजनेत दोन मोजमापे एकाच वेळी काम करतात आणि त्यांची गल्लत होते म्हणूनच गोंधळ उडतो. पहिले मोजमाप वयाचे आहे. मूल कोणत्या विभागात बसेल, हे वय ठरवते: साधारण तीन ते पाच वर्षांची मुले बनी विभागात, पाच ते दहा वर्षांचे मुलगे कब आणि मुली बुलबुल, दहा वर्षांनंतर मुलगे स्काऊट आणि मुली गाईड, आणि त्यापुढे तरुण वयात रोव्हर आणि रेंजर. दुसरे मोजमाप कामाचे आहे. त्या विभागाच्या आत मूल कोणत्या टप्प्यावर आहे, हे वयावर किंवा इयत्तेवर अजिबात अवलंबून नसते. ते त्याने दिलेल्या चाचण्यांवर आणि त्या चाचण्यांच्या झालेल्या नोंदींवर ठरते. त्यामुळे तिसरीतल्या एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक जण नुकताच प्रवेश घेतलेला आणि दुसरा द्वितीय चरणावर, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर असणे, यात काहीही वावगे नाही.

अमेरिकेतली पद्धत याच्या उलट आहे, आणि इंटरनेटवर माहिती शोधणारे पालक बहुधा तिथेच अडखळतात. तिथल्या कब स्काऊटमध्ये टायगर, वुल्फ, बेअर अशा पायऱ्या थेट शाळेच्या इयत्तेशी जोडलेल्या आहेत. दुसरीत दाखल झालेले मूल टायगर न होता सरळ वुल्फच्या तयारीला लागते, कारण वुल्फ ही दुसरीचीच पायरी आहे. आपल्याकडे तसे नाही. मूल पहिलीत आले असो की चौथीत, त्याची सुरुवात प्रवेशापासूनच होते आणि मधला टप्पा गाळता येत नाही. तेव्हा तिकडचे तक्ते वाचून इकडच्या शिक्षकांना प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

लहान मुलांसाठी ही वेगळी व्यवस्था का करावी लागली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर सुमारे 20 मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर मोठे मुलगे होते. पुढच्या काही वर्षांत चळवळ पसरली आणि या मुलांचे धाकटे भाऊही पथकात येण्याचा हट्ट धरू लागले. मोठ्यांच्या चाचण्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, आणि त्या सौम्य केल्या तर मोठ्यांना त्यात राम उरला नसता. म्हणून 1916 मध्ये लहानांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याला किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टींची चौकट दिली गेली आणि चाचण्याही त्या वयाला शोभतील अशा नव्याने आखल्या गेल्या. भारतात आज जी संस्था आहे, ती वेगवेगळ्या स्काऊट संघटनांच्या विलीनीकरणातून 7 नोव्हेंबर 1950 रोजी उभी राहिली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईडही तिच्यात सामील झाल्या. धाकट्यांसाठी धाकटी शिडी हे तत्त्व मात्र पहिल्यापासून तेच आहे.

बनी विभागाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बालवाडीच्या वयाची मुले खेळतात, गाणी म्हणतात, रांगेत उभे राहायला आणि डबा वाटून खायला शिकतात. या वयात टप्प्यांची चिंता करणे हास्यास्पद आहे आणि चांगले शिक्षक ती करतही नाहीत.

खरी सुरुवात कब आणि बुलबुलपासून होते. नव्याने आलेले मूल लगेच कब ठरत नाही. काही आठवडे, बहुतेक वेळा दोन-तीन महिने, ते पथकात नवखे म्हणून वावरते. या काळात त्याने प्रवेशाची तयारी करायची असते: कबचे वचन आणि नियम पाठ करणे आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगणे, सलामी देणे, डाव्या हाताने हस्तांदोलन करणे, गणवेश नीट घालणे, राष्ट्रगीत म्हणणे, राष्ट्रध्वजाची माहिती देणे. मोठ्या स्काऊटला नऊ नियम असतात; कबला फक्त दोन आहेत. मोठ्यांचे ऐकावे हा एक, आणि स्वच्छ व विनयशील असावे हा दुसरा. वचनात देव आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य आणि रोज एक सत्कृत्य करण्याची तयारी या गोष्टी येतात, आणि ज्यांना देव हा शब्द नको असेल, त्यांना त्याजागी धर्म हा शब्द घेण्याची मुभा आहे. सोलापुरात मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. मुलाने वचन ज्या भाषेत समजते त्या भाषेत म्हणावे, हे त्यामुळे इथे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण न समजता घोकलेल्या वचनाला काही किंमत नाही.

तयारी झाली की दीक्षाविधी होतो. पथक गोलात उभे राहते, मूल पुढे येऊन वचन उच्चारते, पथक चालवणारे कब मास्टर त्याला स्कार्फ आणि सदस्यत्वाचा बॅज देतात आणि त्या क्षणापासून ते मूल चळवळीचे सदस्य होते. मला विचाराल तर संपूर्ण योजनेतला सर्वांत महत्त्वाचा बॅज हाच आहे, आणि दुर्दैवाने काही ठिकाणी तो सर्वांत घाईने उरकला जातो: एका दुपारी पन्नास मुलांना ओळीने उभे करून, वचन ध्वनिक्षेपकावरून सामूहिक म्हणवून घेऊन. सात वर्षांच्या मुलाला दहा-बारा जणांसमोर एकट्याने उभे राहून पाच-सहा वाक्ये बोलायला लावणे, हाच त्याच्यासाठी त्या वर्षातला मोठा पराक्रम असतो. तो सामूहिक करून टाकला की प्रवेशाचा अर्धा अर्थ निघून जातो.

प्रवेशानंतर कबसाठी चार चरण आहेत: प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ. बुलबुलसाठी तेच चार टप्पे कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख या नावांनी येतात, आणि कबला जशी मोगलीची गोष्ट, तशी बुलबुलला तारा नावाच्या मुलीची गोष्ट सोबत असते. नावे आणि गोष्टी वेगळ्या असल्या, तरी चढण सारखीच आहे. या विभागातला सर्वोच्च सन्मान म्हणजे गोल्डन ॲरो, म्हणजे सुवर्णबाण. तो राष्ट्रीय पातळीवरून दिला जातो आणि वरचा टप्पा गाठलेल्या मुलालाच त्यासाठी पात्र धरले जाते.

आता या चरणांमध्ये मुलांकडून नेमके काय करून घेतले जाते, ते पाहिले पाहिजे. कोणते काम कोणत्या चरणात, हे पुस्तिकेची नवी आवृत्ती आली की थोडे मागेपुढे होते, म्हणून इथे त्यांचा तक्ता देण्यात हशील नाही. कामांचा स्वभाव मात्र बदलत नाही. दात, नखे, केस स्वच्छ ठेवणे आणि ते का ठेवायचे हे सांगता येणे, आपला हातरुमाल किंवा मोजे स्वतः धुणे, घड्याळ वाचणे, कोलांटी उडी, दोरीवरच्या उड्या, चेंडू फेकणे आणि झेलणे, एक निरोप ऐकून, मध्ये खेळून आल्यावरही तो तसाच्या तसा दुसऱ्याला पोहोचवणे, बी पेरून रोप वाढवणे, खरचटलेली जखम धुऊन पट्टी बांधणे, रस्ता ओलांडण्याचे नियम पाळणे, आणि काही सोप्या गाठी. पहिल्या चरणात मूल स्वतःपुरते पाहते, पुढच्या चरणांत घर येते, मग परिसर येतो. स्वतःचा रुमाल धुणाऱ्या मुलाकडून दोन वर्षांनी घरातल्या कुणाला तरी रोजच्या कामात मदत करण्याची आणि आणखी पुढे पथकातल्या नव्या मुलाला शिकवण्याची अपेक्षा ठेवली जाते.

गाठींचे उदाहरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे. लहान मुलांना पहिल्यांदा शिकवली जाते ती रीफ नॉट. उजवे टोक डाव्यावर घालून खालून काढायचे, मग डावे टोक उजव्यावर घालून खालून काढायचे. दोन्ही वेळा उजवेच वर घेतले, की गाठ बसल्यासारखी दिसते, पण ताण आला की सरकते किंवा आवळून बसते. मूल तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ती चपटी, सारखी गाठ बांधते आणि स्वतःच ओळखते की ही बरोबर झाली, कारण दोन्ही बाजूंची टोके आपापल्या दोरीला चिकटून एका रेषेत येतात. दुसरी गाठ असते शीट बेंड, कमी-जास्त जाडीच्या दोन दोऱ्या जोडण्याची. जाड दोरीचा एक फास धरायचा, बारीक दोरी त्यातून खालून वर आणायची, फासाच्या मागून फिरवायची आणि स्वतःच्याच खाली खोचून ओढायची. सोलापुरात ही गाठ शिकवायला शिक्षकांची गरजच पडू नये, कारण मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर जी बारीकशी गाठ मारतो, तिची घडण हीच आहे. फक्त ती एका बोटाच्या पेरावर, क्षणार्धात आणि सुतात मारली जाते. शहराच्या पूर्वभागातल्या ज्या घरांत आजोबा किंवा आजी मागावर बसलेले आहेत, तिथल्या मुलाला कब मास्टरांनी घरून ही गाठ शिकून ये असे सांगितले, तर चाचणीही होते आणि आजोबांना नातवाला शिकवण्यासारखे काहीतरी सापडते. पुस्तिकेत हे लिहिलेले नाही. पण पुस्तिका देशभरासाठी असते आणि तिला गावाचा रंग देणे हे पथक चालवणाऱ्याचे काम आहे.

दिशांचेही तसेच. आठ दिशा पाठ करवून घेण्यापेक्षा मुलाला शाळेच्या गच्चीवर उभे करून विचारावे की, तुळजापूर कुठे. ढोबळमानाने उत्तरेला तुळजापूर, पश्चिमेला पंढरपूर, दक्षिणेला विजयपूर, पूर्वेला हैदराबाद, आग्नेयेला अक्कलकोट आणि वायव्येला मोहोळ. एसटीने आणि रेल्वेने फिरलेल्या मुलाला यातली निम्मी गावे माहीत असतात, आणि त्यांच्यावरून दिशा बसल्या की त्या आयुष्यभर हलत नाहीत.

ही चाचणी कोण घेते आणि पास-नापास कसे ठरते, हा पालकांचा पुढचा प्रश्न. कबच्या सुरुवातीच्या चरणांत मुलाला ओळखणारे कब मास्टर किंवा बुलबुलच्या फ्लॉक लीडरच काम पाहतात आणि ते झाल्याची नोंद करतात. एकाच दिवशी सगळी परीक्षा घ्यावी असा दंडक नाही. आज एक गाठ, पुढच्या आठवड्यात निरोपाचा खेळ, महिनाभराने रोप, असे करत चरणातली सगळी कामे पूर्ण होतात. ज्याला आज जमले नाही, तो पुन्हा सराव करून येतो, आणि त्याच्या नावापुढे नापास असा शेरा कुठेही पडत नाही. कबचे ब्रीदच पराकाष्ठेचा प्रयत्न करावा असे आहे. म्हणून जे मूल चेंडू दहा पावलांवरून झेलू शकत नाही, पण महिनाभर रोज सराव करून सहा पावलांपर्यंत आले आहे, त्याचे मोल जाणकार कब मास्टर ओळखतात. आणि पहिल्याच दिवशी सहज झेलणाऱ्याला ते थोडे मागे उभे राहायला सांगतात. मुलाला दुसऱ्या मुलाशी न ताडता त्याच्या कालच्या कामाशी ताडायचे, ही या विभागाची रीत आहे आणि चढाओढीची सवय झालेल्या आपल्या शाळांना तीच सर्वांत अवघड जाते.

दोन चरणांच्या मध्ये ठराविक महिन्यांचे अंतर ठेवलेले असते. हे अंतर पालकांना विनाकारणचा विलंब वाटते, पण त्याला कारण आहे. रुमाल एकदा धुता येणे आणि रुमाल धुण्याची सवय असणे यांत फरक आहे, आणि तो फरक फक्त वेळच दाखवू शकतो. सत्कृत्याची डायरी याच अंतरासाठी असते. आईला पाणी भरू लागलो, शेजारच्या आजींची पिशवी जिन्यावरून वर नेली, कुत्र्याला पाणी ठेवले, अशा एकेका ओळीच्या नोंदी मुलाने स्वतःच्या अक्षरात करायच्या असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो त्या दिवसांत पक्ष्यांसाठी गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवणे ही सोलापुरातल्या डायऱ्यांमध्ये सर्वाधिक दिसणारी नोंद असावी, आणि ती खरी असेल तर काहीच हरकत नाही. आदल्या रात्री बसून तीन महिन्यांची डायरी एका शाईत लिहून देणारे पालकही असतात. अनुभवी शिक्षकांना ती पान उलटताक्षणीच कळते.

चरणांच्या या मुख्य वाटेला समांतर आणखी एक वाट आहे, ती प्रावीण्य बॅजची. चरण सर्वांना सारखे असतात, पण प्रावीण्य बॅज मुलाच्या आवडीप्रमाणे निवडले जातात: बागकाम, चित्रकला, खेळ, पोहणे, सायकल, गोष्ट सांगणे, वस्तू जमवणे अशा अनेक विषयांतून मूल आपले विषय उचलते. वरच्या चरणांना पोहोचण्यासाठी असे काही बॅज मिळवणे आवश्यक असते, त्यामुळे दोन्ही वाटा पुढे एकमेकींना मिळतात. इथे पालकांनी एकच पथ्य पाळावे: विषय मुलाला निवडू द्यावा. पोहण्याची भीती असलेल्या मुलाला बॅजसाठी पाण्यात ढकलण्यापेक्षा त्याला शेंगदाण्याची रोपे कुंडीत वाढवू देणे शहाणपणाचे.

पथकाची रचनाही मुलाला पुढे नेते, आणि हा भाग कागदावरच्या तक्त्यांत सहसा दिसत नाही. कब पथक सहा-सहा जणांच्या गटांत विभागलेले असते. गटाचा नायक म्हणजे सिक्सर आणि त्याच्या हाताखालचा सेकंड. ही पदे चरणांसारखी मिळवायची नसतात; ती सोपवली जातात आणि काही काळाने दुसऱ्याकडे जातात. सिक्सर झालेला नऊ वर्षांचा मुलगा हजेरी घेतो, नव्याला स्कार्फची घडी घालून दाखवतो, भांडणे मिटवतो किंवा निदान शिक्षकांपर्यंत पोहोचवतो. एखादे मूल तृतीय चरणावर असूनही सिक्सर नसेल आणि प्रथम चरणावरचे मूल सिक्सर असेल, तर त्यात अन्याय शोधू नये, कारण चरण काम जमल्याची खूण आहे आणि पद ही जबाबदारी आहे.

दहा वर्षे पूर्ण झाली की मूल कबमधून स्काऊटकडे किंवा बुलबुलमधून गाईडकडे जाते. याचा छोटासा निरोपसमारंभ होतो: जुने पथक त्याला सोडायला येते आणि नवे पथक त्याला घ्यायला पुढे होते. इथे पालकांचा एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. चतुर्थ चरण किंवा सुवर्णबाण मिळाला नाही, तर स्काऊट होता येत नाही, असे मुळीच नाही. स्काऊट विभागात पुन्हा प्रवेशापासूनच सुरुवात होते, मग मूल सुवर्णबाणाचे मानकरी असो की पाचवीत पहिल्यांदाच चळवळीत आलेले असो. फरक पडतो तो इतकाच की, कबमधून आलेल्याच्या हाताला गाठी आणि तोंडाला वचन आधीपासून असते, आणि दोन नियमांवरून नऊ नियमांवर जाणे त्याला अवघड वाटत नाही.

स्काऊट-गाईड विभागाची चढण अशी: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सहाच्या गटाऐवजी इथे सहा ते आठ जणांचा संघ असतो, त्याचा संघनायक असतो आणि संघनायकांची बैठक पथकाचे बरेचसे निर्णय घेते. कामे अर्थातच मोठी होतात. प्रथम सोपानात गाठींची संख्या वाढते, वाटेवर सोडलेल्या मागखुणा ओळखणे आणि प्रथमोपचार येतात. द्वितीय सोपानात लाकडी बल्ल्या दोरीने बांधून उपयोगी वस्तू उभारणे, होकायंत्र आणि नकाशा, दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता चूल पेटवणे आणि तिच्यावर स्वयंपाक करणे येते. दोन काड्यांची अट ऐकायला गंमतीची वाटते, पण वारा सुटलेला असताना मोकळ्या मैदानावर वाळक्या काटक्या कशा रचायच्या, हे ज्याने आधी नीट पाहिलेले नाही, त्याची दुसरी काडीही विझते. हिवाळी शिबिरात अशा चुलीवर कच्च्या-पक्क्या भाकऱ्या भाजून शेंगाचटणीबरोबर खाल्लेल्या मुलांना घरच्या जेवणाबद्दल काही दिवस तक्रार करायला तोंड राहत नाही.

जसजसे मूल वर जाते, तसतसा परीक्षक त्याच्यापासून दूर जातो, आणि ही योजनेतली विचारपूर्वक ठेवलेली गोष्ट आहे. प्रवेश आपलेच स्काऊट मास्टर देतात. तृतीय सोपानाची पडताळणी जिल्हा पातळीवर होते. राज्य पुरस्कारासाठी राज्याचे चाचणी शिबिर असते आणि त्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची सही असते. राष्ट्रपती पुरस्काराची पडताळणी राष्ट्रीय पातळीवरून होते. सोलापुरात यात एक स्थानिक बारकावा आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत मध्य रेल्वेला स्वतंत्र राज्यासारखे स्थान आहे. त्यामुळे रेल्वेच्या पथकात नोंदलेले मूल आणि शहरातल्या शाळेच्या पथकातले मूल एकाच गावात राहत असले, तरी त्यांचे अर्ज, चाचणी शिबिरे आणि प्रमाणपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांतून पुढे जातात. मुलाला एका पथकातून दुसऱ्यात घालताना हे लक्षात ठेवले नाही, तर कागदपत्रांत विनाकारण महिने जातात.

वरच्या पुरस्कारांची ओढ का असते, हेही उघडपणे सांगितलेले बरे. दहावीच्या सवलतीच्या गुणांची चर्चा घराघरांत होते, आणि रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून होणाऱ्या भरतीसाठी राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता विचारात घेतली जाते. हे लाभ खोटे नाहीत. पण त्यांच्याकडे पाहून आठवी-नववीत मुलाला पहिल्यांदा पथकात घालणाऱ्यांचा हिशेब चुकतो, कारण सोपानांमधली सहा-नऊ महिन्यांची अंतरे कुणालाही टाळता येत नाहीत आणि प्रवेशापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतचे काम तीन-चार वर्षांचे आहे. मागच्या तारखा घालून हे अंतर भरून काढण्याचे सल्लेही मिळतात. ते देणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण चाचणी शिबिरात डायरी, नोंदवही आणि मुलाचे हात यांची गाठ पडतेच.

‘खरी कमाई’ या उपक्रमाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही, कारण महाराष्ट्रातल्या पालकांचा चळवळीशी पहिला संबंध बहुधा तिथेच येतो. मुलांनी स्वतःच्या श्रमाने थोडे पैसे मिळवावेत, हा तिचा उद्देश. मोठी मुले शाळेच्या आवारात भेळ, सरबत, भाकरी-चटणीचे स्टॉल लावतात. लहान कबने घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्यांची छोटी कामे करून दोन-पाच रुपये मिळवणे अपेक्षित असते. आईने पहाटे उठून शंभर कचोऱ्या तळून द्यायच्या आणि मुलाने गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजायचे, असे झाले की कमाई आईची होते आणि नोंद मुलाच्या नावावर. लहान मुलाला शेंगा सोलायला, लिंबे पिळायला, ग्लास विसळायला लावून कमी विक्री झाली, तरी ती चाचणीच्या दृष्टीने अधिक खरी.

शेवटी एक व्यवहाराची बाब. आपल्या शहरातल्या बऱ्याच प्राथमिक शाळा चौथीला संपतात आणि मूल पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जाते, नेमके त्याच सुमारास त्याचे वय कबमधून स्काऊटमध्ये जाण्याचे असते. शाळा सोडल्याचा दाखला घेताना पालक गुणपत्रक, आधार आणि जातीचा दाखला आठवणीने मागतात, पण कबची नोंदवही शाळेच्या कपाटात राहून जाते आणि जून उजाडेपर्यंत ते कपाट कुणाच्या ताब्यात आहे, हेही कळत नाही. त्या नोंदवहीत दीक्षाविधीची तारीख, पूर्ण झालेले चरण, प्रावीण्य बॅज आणि कब मास्टरांच्या सह्या असतात. एप्रिलमध्येच ती मागून घ्यावी, तिची छायाप्रत घरी ठेवावी, आणि नव्या शाळेत पथक आहे का, ते कोणत्या दिवशी जमते आणि स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन प्रशिक्षित आहेत का, हे प्रवेश अर्ज भरतानाच विचारून घ्यावे. पथक नसेल, तर शहरातल्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून जवळपासच्या शाळेत किंवा शाळेबाहेर चालणाऱ्या पथकात मुलाची नोंद करता येते का, ते पाहता येईल.